पहिला घोट

बिरागोनं पांढरी गोळी मातीच्या खरबरीत वाडग्यात टाकली, वरून भाजलेल्या कोकोच्या बियांची मूठ सोडली आणि लाकडी बत्त्यानं रगडायला घेतलं. गोळी फुटतानाचा करकर आवाज बियांच्या आवाजात बुडून जाईपर्यंत ती अंगणाकडे कान लावून राही. आज तर नवरा नेहमीपेक्षा लवकर उठून अंगणात येऊन बसला होता, आणि स्वयंपाकाच्या छपराला भिंती अशा नव्हत्याच.

"अगं, माझं औषध कुठंय?" न्यार्कोनं हाक दिली. "का राजधानीतून, अक्राहून मागवलंस?"

"आणते हो! बिया काय आपोआप रगडल्या जातात?"

"रगड, रगड. माझ्यावरचा सगळा राग काढ त्यांच्यावर."

पांढरं पीठ तपकिरी पिठात दिसेनासं झालं. तिनं ते टवके उडालेल्या पेल्यात काढलं आणि वर कढत पाणी ओतलं. साखर नाही, दूध नाही; न्यार्कोचा तसा हुकूमच होता. औषध म्हणजे कडूच असायला हवं, असं त्याचं ठाम मत. त्या मतानंच बिरागोचं काम सोपं करून ठेवलं होतं. एवढ्या कडूत आणखी चिमूटभर कडू कुणाला कळणार?

ती पेला घेऊन बाहेर आली, तेव्हा न्यार्कोची थोरली बहीण पोमा अंगणात येऊन टेकली होती आणि ताडीवाला तिच्यासाठी ताडी ओतत होता. रिवाजाप्रमाणे त्यानं आधी स्वतः एक घोट घेतला, मनगटानं ओठ पुसले आणि मग भोपळ्याचं वाडगं पोमाच्या हातात दिलं. बाहेरच्याच्या हातून काही प्यायचं, तर देणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा. मग पिणाऱ्याच्या मनात किंतू राहत नाही.

"काय रे," पोमा भावाला म्हणाली, "बायको रोज एवढं काळंकुट्ट काहीतरी काढून देते. तिला नाही लावत कधी पहिला घोट घ्यायला?"

न्यार्को खो खो हसला. "अक्का, तीस वर्षं हिच्या हातचं खातोय. हिला मला मारायचंच असतं, तर लग्नानंतरच्या पहिल्याच रश्श्यानं गेलो असतो. काय मीठ होतं त्यात!"

"मेलं ते मीठ तीस वर्षं पुरलंय तुम्हाला बोलायला," बिरागो म्हणाली. तीही हसली. पेला त्याच्या हातात जाईपर्यंत ती हसत राहिली आणि मग हात कमरेच्या कापडात खुपसून उभी राहिली.

हे सुरू कसं झालं, ते आठवलं की तिला स्वतःचंच नवल वाटे. मागच्या हंगामात न्यार्को मळ्यात कोकोची बोंडं फोडत बसला असताना त्याच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. गावच्या दवाखान्यातल्या नर्स डेलानं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि तिच्याच तोंडचं पाणी पळालं. "बाबा, एवढं बीपी घेऊन तुम्ही इथवर चालत आलात?" तिनं गोळ्या दिल्या. रोज एक, जन्मभर. न्यार्कोनं त्या काही आठवडे घेतल्या, आणि मग एक दिवस पाकीट बिरागोच्या पुढ्यात टाकून दिलं. त्याच्या थोरल्या भावानंही अशाच गोळ्या सुरू केल्या होत्या आणि वर्षाच्या आत त्याला पुरावं लागलं होतं. भावाला इस्पितळात नेलं तेव्हाच तो अर्धा गेलेला होता, हे बिरागोला ठाऊक होतं, न्यार्कोलाही ठाऊक होतं. पण दुःखाला कोणीतरी गुन्हेगार लागतो, आणि गोळ्या काही उलट भांडायला येत नाहीत.

त्यात आला चॉकलेटचा दिवस. दर फेब्रुवारीत येतो तसाच आला, पण या खेपेला सहकारी संस्थेनं गावात मांडव घातला. अक्राहून आलेल्या एका तरुण बाईनं प्रत्येकाच्या हातावर गडद चॉकलेटचा एकेक तुकडा ठेवला. जन्मभर कोको पिकवलेल्या माणसांनी तो तोंडात टाकला आणि एकमेकांची तोंडं बघत राहिली. "जळलंय वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. बाई हसली. तिनं समजावून सांगितलं, की कमी साखरेचं गडद चॉकलेट किंवा बिनसाखरेचा कोको रक्तवाहिन्यांना थोडाफार बरा, हृदयालाही बरा असावा. पण तो थोडाच घ्यायचा, आणि पालेभाजी, मासे, कडधान्यं, फळं हे सगळं ताटात असेल तरच त्याला अर्थ. 'थोडा', 'असावा', 'तरच' हे शब्द तिनं चांगले जोर देऊन म्हटले. न्यार्को पहिल्या रांगेत बसला होता आणि त्यानं फक्त 'हृदय' ऐकलं.

"ऐकलंस ना?" घरी येताना तो भर रस्त्यात थांबून म्हणाला. "मिसरूड फुटायच्या आधीपासून झाडं लावतोय मी. पोतीच्या पोती औषध गोऱ्यांना पाठवलं, आणि आपण बसलो त्यांच्या गोळ्या गिळत! आता माझं औषध माझ्याच झाडाचं."

भांडणं झाली. बिरागो रडली, जेवायची थांबली, कुळातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून आणते म्हणाली. न्यार्को ढिम्म हलला नाही. शेवटी एका सकाळी, तो अंगणात कोकोची वाट बघत बसला असताना, तिच्या हातून गोळी वाडग्यात पडली. पडली कसली, तिनंच टाकली. पुढच्या तपासणीला आकडा खाली उतरला होता. डेला खूश झाली, गोळ्या नियमानं घेताहेत म्हणून. न्यार्को खूश झाला, त्याच्या झाडांवर. आणि त्या दिवसापासून गावात त्याचं कोकोपुराण सुरू झालं.

नवरा बोलून बोलून दमेल, असं बिरागोला वाटलं होतं. माणूस जिवंत राहिला, एवढं तिला पुरेसं होतं.

पोमानं ताडी संपवली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि जाता जाता सहज म्हणाली, "मीही आता तुझंच औषध धरलंय रे. त्या गोळ्या दिल्या संडासात टाकून."

बिरागो झटकन तिच्या वाटेत आली. पोमाचं बीपी भावापेक्षा जुनं होतं. दवाखान्यात शहाण्यासारख्या नियमानं गोळ्या नेणारी घरात ती एकटीच होती.

"वन्सं, कधी टाकल्यात?"

"झाले की बरेच दिवस. सुटले बाई! सकाळी उठून त्या गोळीचं तोंड बघायला नको."

"अहो, पण दोन्ही घ्यावं ना. कोकोही घ्यावा, गोळीही घ्यावी. नर्सबाई सांगते की."

"तुझा नवरा घेतो का दोन्ही?"

न्यार्को मिशीला लागलेला कोको पुसत तिच्याकडे बघत होता, शाळेत पहिला आलेल्या पोराच्या चेहऱ्यानं.

"नाही," ती म्हणाली.

"मग?" पोमा म्हणाली, आणि तिच्या गालाला चापट मारून निघून गेली.

दिवसभर बिरागो मळ्यात बोंडं गोळा करत होती आणि डोक्यात एकच घाणा फिरत होता. खरं सांगितलं, तर न्यार्को तिच्या हातचं पाणी पिणार नाही, मग गोळी कसली पोटात जातेय? आणि गोळीवाचून तो जगणार नाही. नाही सांगितलं, तर पोमा त्याच्याकडे बघून मरायची. शिवाय गाव होतं. बायको चोरून नवऱ्याच्या पेल्यात काही घालते, याचा गावात एकच अर्थ होता. इथल्या रीतीनं नवऱ्याचा मळा बायकोला मिळत नाही, बहिणीच्या लेकरांना जातो. तो आपल्या नावावर करून घ्यायला बायका मांत्रिकाकडची वशीकरणाची भुकटी खाऊ घालतात, असं म्हणत. आदोमा नावाच्या बाईला असंच कोणीतरी रश्श्यात काही टाकताना पाहिलं होतं. तिची भांडी रस्त्यावर फेकली गेली. औषध होतं की मसाला होता, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. बिरागो तेव्हा नवी नवरी. एक पातेलं गडगडत तिच्या पायाशी आलं होतं, आणि तिनं ते उचलून दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली.

"नर्सबाई, एखादीनं गोळ्या सोडल्या आणि नुसता कोको घेतला, तर?"

डेलानं मान वर केली. "कोण एखादी?"

"आहे एक."

"आई, कोको वाईट नाही. मीसुद्धा पिते. जेवणातला एक चांगला घास म्हणून घ्या, थोडं बरंच करील. पण घराला आग लागल्यावर तांब्याभर पाणी चांगलंच असतं म्हणून आपण तेवढ्यावर थांबतो का? तिला घेऊन या इकडे. तिचा आकडा बघितल्याशिवाय मी गोळ्या देऊ शकत नाही."

सगळं सांगून टाकावं, असं बिरागोच्या अगदी ओठांवर आलं. पण मागच्या बाकावर गावातल्या चार बायका बसल्या होत्या आणि चौघींचे कान टवकारलेले होते. ती न्यार्कोच्या गोळ्या घेऊन परत आली. पोमाला दवाखान्यात न्यायला तिनं जंग जंग पछाडलं. पाठ दुखते म्हणाली, सोबत चला म्हणाली, खोटं खोटं रुसली. पोमा हसून म्हणायची, "तू जा की. माझा डॉक्टर तुझ्या घरात बसलाय."

मग बिरागोनं दुसरी युक्ती काढली. "वन्सं, एकटीसाठी कशाला बिया भाजत बसता? सकाळी इकडेच येत जा. मी दोघांचा एकदम करते." पोमाला काय, ती एका पायावर तयार. रोज सकाळी बहीणभाऊ अंगणात समोरासमोर बसत, लहानपणीच्या मारामाऱ्या उकरून काढत, आणि बिरागो छपराखाली एका गोळीचे दोन तुकडे करी. अर्धी भावाला, अर्धी बहिणीला. पोमाची गोळी हीच होती की वेगळी, अर्धीनं काही होतं की नाही, तिला काहीएक माहीत नव्हतं. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं तिचं चाललं होतं.

आणि गावात लोण पसरत होतं. सुताराच्या आईनं गोळ्या सोडल्या. चर्चमधल्या वादकानं सोडल्या. रस्त्यात भेटेल तो न्यार्कोला म्हणायचा, "ओपानिन, तुम्ही आमचे डोळे उघडलेत." वडीलकीचा हा मान न्यार्कोला फार प्यारा. बिरागो त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, किती पेले भरू मी? किती वाडगी रगडू?

मग पावसानं रस्ता वाहून गेला आणि दवाखान्याची गाडी आली नाही. डेलानं हातावर मोजक्याच गोळ्या ठेवल्या. "गाडी आली की पुढच्या देते, आई. तोवर जपून." बिरागोनं जपून जपून किती जपायच्या? एका सकाळी पाकिटात शेवटची गोळी उरली. आदल्या संध्याकाळी न्यार्को मान चोळत म्हणाला होता, "आज डोकं कसं दगडासारखं झालंय गं. हवा बदलली वाटतं." अर्ध्या गोळ्यांनी त्याला पुरत नव्हतं, हे तिला कळून चुकलं होतं.

दोन पेले समोर होते. अंगणात पोमा भावाला सांगत होती, की लहानपणी तो कोकोच्या ओल्या बियांचा गर चोरून चोखायचा आणि मार तिला पडायचा. बिरागोनं गोळी वाडग्यात टाकली. अख्खी टाकली. रगडली, एका पेल्यात काढली. दुसऱ्या पेल्यासाठी वाडगं धुऊन नुसत्या बिया रगडल्या. तिनं त्या वेळी काही विचार केला असं नाही. नवरा होता, एवढंच.

पोमानं घोट घेतला आणि जीभ टाळूवर फिरवली. "आज छान जमलाय हं. कडूपणा कमी वाटतोय."

बिरागो वळली आणि अंगणाकडे पाठ करून, चुलीशी बसून तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडली.

त्यानंतर दोनेक दिवसांनी ऊन पडलं. आंबवलेल्या बिया केळीच्या पानांतून काढून कमरेएवढ्या उंच बांबूच्या तट्ट्यांवर पसरल्या होत्या, आणि सगळ्या बायका त्या हातांनी चाळवत फिरत होत्या. पोमा गाणं म्हणत पुढे चालली होती. गाणं एका शब्दावर अडकलं, तोच शब्द दोनदा वेडावाकडा आला आणि थांबला. बिरागोनं वर बघितलं. पोमाचा उजवा हात बियांवर पडून होता आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू हा इथं कोणी ठेवला. मग ती तट्टीसकट खाली आली.

तुटक्या रस्त्यानं कसंबसं तालुक्याच्या इस्पितळात नेलं, तर डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यातली रक्तवाहिनी फुटलीय. जगेल कदाचित, बोलेल की नाही सांगता येत नाही. तोंडानं काही देऊ नका, गिळता येणार नाही. पोमाची मुलगी कोनादू भिंतीला डोकं टेकून बसली होती. बिरागो पायाशी उभी होती आणि मनातल्या मनात त्या धुतलेल्या वाडग्याकडे बघत होती.

दुपारी न्यार्को आला. त्याच्या काखेत थर्मास होता.

"हे डॉक्टर लोक काय सांगतात?" त्यानं झाकण उघडलं. कोकोचा वास खोलीभर पसरला. "उठा, उठा अक्का. दोन चमचे घ्या. घरचा आहे, आपल्याच झाडाचा. मी केलाय आज, माझ्या हातानं."

"मामा, तोंडानं काही द्यायचं नाही म्हणालेत," कोनादू म्हणाली.

"ते गोळ्यांचं म्हणालेत. हा कोको आहे."

त्यानं बहिणीच्या मानेखाली हात घातला आणि चमचा तिच्या ओठांत घातला. अर्धा कोको तोंडाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळला. उरलेला आत गेला आणि पोमाच्या घशातून घरघर आली. तिचा चेहरा काळानिळा पडला, डावा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. न्यार्कोनं घाबरून दुसरा चमचा भरला. त्याचे डोळे वाहत होते. "घ्या ना अक्का! घ्या! मला बरं केलं ना यानं, तुम्हाला का नाही करणार?"

बिरागोनं त्याचं मनगट धरलं. चमचा फरशीवर पडला. तिनं पोमाला कुशीवर वळवलं, पाठ चोळली, बोटानं तोंडातलं काढलं. श्वास पुन्हा लागला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्हाला कोकोनं नाही बरं केलं."

"काय बोलतेस?"

"गोळीनं केलं. रोज रगडून घालत होते मी. पहिल्या दिवसापासून. तुम्ही माझं ऐकत नव्हता, मी काय करणार होते? तुम्हाला मरू देऊ? यांनाही अर्धी देत होते. मग गोळ्या संपल्या. शेवटची होती, ती मी तुम्हाला दिली." तिचा आवाज फाटला. "यांना नाही दिली. तुम्हाला दिली."

न्यार्को थर्मास हातात धरून उभा राहिला. बहिणीला काय झालंय आणि बायको काय म्हणतेय, यातलं आधी काय समजून घ्यावं, हे त्याला कळत नव्हतं. बोलली ती कोनादू.

"मामीनं पेल्यात घातलं," ती सावकाश म्हणाली. "मामाच्या पेल्यात. आणि माझ्या आईच्या पेल्यात."

पोमाचा एकच डोळा नीट उघडत होता. तो बिरागोवर खिळला होता. त्यात राग होता की आणखी काही, ते सांगणारं तोंड आता राहिलं नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत कुळाची माणसं अंगणात बसली. बिरागोला मधे उभं केलं होतं. कुळाचे वडील नाना अम्पोन्सा म्हातारपणानं वाकलेले, पण कान तीक्ष्ण. डेला आपणहून आली. तिनं बिरागोजवळची रिकामी पाकिटं हातात घेऊन सांगितलं, की या गोळ्या मीच दिल्यात, हे विष नाही, भुकटी नाही, आणि ही बाई नसती तर ओपानिन आज इथं बसलेले नसते. शिवाय तिनं हेही सांगितलं, की एका दिवसाच्या चुकलेल्या गोळीनं पोमाआईंना हे झालेलं नाही, इतक्या दिवसांच्या न घेतलेल्या गोळ्यांनी झालंय. बिरागोनं ते ऐकलं. पटलं मात्र नाही, पुढे कधीच पटलं नाही.

सुताराच्या आईला त्याच दुपारी मुलानं दवाखान्यात नेलं. वादकही गेला. एवढं मात्र झालं.

"औषध होतं, हे मानलं," नाना म्हणाले. "पण पोरी, चोरून?"

"सांगून घेतलं असतं का यांनी, नाना?"

"नसतं घेतलं. तरी चोरून?"

नानांनी न्यार्कोकडे बघितलं. "तू बोल. ही माहेरी जाईल की राहील?"

न्यार्कोनं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. लहानपणापासून झाडं लावलेले ते हात. गावभर ज्या तोंडानं पुराण सांगितलं, ते तोंड त्याला आता उघडवत नव्हतं.

"राहील," तो म्हणाला. "बोंडं पिकलीत. हात लागतील."

ती राहिली. पण तो तिच्या हातचं जेवला नाही. कोनादूच्या घरी जाऊन खायचा, घरात फक्त झोपायला यायचा. गाडी आल्यावर डेलानं नव्या गोळ्या दिल्या होत्या. बिरागो रोज सकाळी पाकीट त्याच्या स्टुलावर ठेवायची आणि रोज संध्याकाळी ते तिथंच सापडायचं. तिनं हात जोडले. "माझ्या हातचं नको ना, नका घेऊ. कोनादूकडे पाण्याबरोबर घ्या. नर्सबाईच्या हातून घ्या. पण घ्या हो." तो जोडे घालून निघून जायचा. त्याच्या पाठमोऱ्या मानेवरची शीर उडताना तिला दिसायची. माणूस डोळ्यांदेखत चाललाय आणि ज्या वाटेनं वाचवला होता ती वाट आपणच बंद केलीय, या विचारानं ती घरातल्या घरात वेड्यासारखी फिरे.

मग पोमाला घरी आणलं. कोनादूच्या अंगणात आंब्याखाली तिला खुर्चीत बसवत, उजवा हात मांडीवर ठेवून देत. जेवताना तोंडातून लाळ गळे, ती पुसायला कोनादू कापड घेऊन शेजारी. न्यार्को तिथंच जेवायला जायचा. पहिल्या दिवशी तो बहिणीसमोर बसला आणि ताट तसंच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या सकाळी बिरागो चुलीशी बसली होती, तर अंगणात स्टूल सरकल्याचा आवाज आला. न्यार्को स्वतःच्या जागी बसला होता. कोनादूनं पोमालाही खुर्चीसकट इकडे आणून ठेवलं होतं. कोनादूला मळ्यात जायचं होतं, आणि मामा इथं बसणार होता.

"कोको आण," न्यार्को म्हणाला. हाक नाही, थट्टा नाही.

बिरागोनं वाडगं घेतलं आणि छपरातून बाहेर येऊन, त्याच्या डोळ्यांसमोर, जमिनीवर बसून बिया रगडल्या. दुसरं काही नाही, नुसत्या बिया. पाणी ओतलं. न्यार्कोनं शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेतली. बिरागोला हुंदका आवरेना. तिनं दोन्ही हातांनी पेला त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो घेतला नाही. पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग असता, तर तिला बरं वाटलं असतं. तिथं नुसती लाज होती, विचारावं लागतंय याची.

"आधी तू घे," तो हलक्या आवाजात म्हणाला.

अंगण एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं तिला. खुर्चीतून पोमाचा डोळा दोघांकडे बघत होता. बिरागोनं पेला ओठाला लावला आणि एक घोट घेतला. इतक्या दिवसांत तिनं तो कधी चाखला नव्हता. कडू होता. मनगटानं ओठ पुसून तिनं पेला पुढे केला. न्यार्कोनं गोळी जिभेवर ठेवली आणि वरून कोको प्यायला, अगदी तळाशी लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सांगायची वेळ येऊ दिली नाही. पेला भरला, त्याच्यासमोर उभं राहून आधी आपला घोट घेतला, आणि मग दिला.